डावा खांदा

एर्मेते पिन्यात्तीला गाडी चालवता येत नसे. बारा श्रीमंतांनी जगभर मिरवलेल्या बारा गाड्यांची अंगं ह्या माणसाने हातोडीने ठोकून घडवली, आणि स्वतः मात्र वयाच्या एकोणऐंशीपर्यंत सायकल हाणली. लायसन्स काढ म्हणून त्याची बायको योलांदा किती वर्षं मागे लागली होती. "चालवणारे पैशाला पासरी मिळतात," तो म्हणायचा, आणि पायाला चिमटा लावून सायकलवर टांग टाकायचा. इटलीतल्या मोदेनात असल्या हट्टी म्हाताऱ्यांची कमतरता नाही. पत्रा ठोकणाऱ्याला वाटतं गाडी म्हणजे पत्रा, इंजिन काय, आत कुणीतरी बसवतं. इंजिनवाले नेमकं उलटं सांगतात. हे भांडण बारच्या टेबलावर साठ वर्षं चालू आहे आणि त्यात कुणीही एक इंच मागे सरकलेलं नाही.

तेराव्या वर्षी तो झोबोलीच्या कारखान्यात लागला. तीन वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ दोरान्दो त्याच्या पाठोपाठ आला. काम म्हणाल तर साधं. झाडाच्या बुंध्यात कोरलेला एक खळगा, वाळू भरलेली चामड्याची पिशवी, लाकडाच्या मोगऱ्या, आणि अ‍ॅल्युमिनियमचा सपाट पत्रा. नकाशा नाही, मोजमाप नाही. गाडीच्या आकाराचा तारांचा एक सांगाडा उभा असे, त्याच्यावर पत्रा बसेपर्यंत ठोकायचा. एका गाडीला दोन माणसं, एक उजव्या बाजूला, एक डाव्या. दोरान्दो डावखुरा होता. चर्चच्या शाळेत जोगिणींनी त्याचा डावा हात पाठीमागे बांधून ठेवला होता, पण झोबोलीकडे तोच हात कामाला आला. डाव्या बाजूचे बाक त्याच्या हाताला आपसूक जमत. उजवीकडे एर्मेते, डावीकडे दोरान्दो, असं पंधरा वर्षं चाललं.

ह्या कारखान्यात एक रीत होती. संध्याकाळी म्हातारा झोबोली यायचा, खिशातून रेशमी रुमाल काढायचा, पत्र्यावर पसरायचा आणि त्यावरून तळवा फिरवायचा. रेशमाखाली कागदाएवढा उंचवटासुद्धा हाताला लागतो. तो यायच्या आत प्रत्येक जण आपल्या जोडीदाराच्या बाजूवरून आपला हात फिरवून घेई. कुठे पोचा लागला, कुठे टेंगूळ लागलं, तर दोन ठोके घालून सरळ करायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. जोडीदारालाही सांगायचं नाही. आभार मानायचे नाहीत. शनिवारी बारमध्ये समोरचा पेला भरलेला दिसला की समजून घ्यायचं. आणि दुसऱ्याने कितीही ठोके घातले तरी तो पत्रा ज्याचा त्याचाच. एर्मेतेने हात फिरवलेली डावी बाजूसुद्धा दोरान्दोचीच, ह्यात कुणाला शंका नव्हती.

आणि दोरान्दोला ह्या पांघरुणाची गरज पडायची. माणूस मोकळा, गाणारा, घाईचा. त्याच्या पत्र्याला असा ओघ असायचा की बघत राहावं, पण टोकाला येईपर्यंत त्याचा धीर सुटायचा. एर्मेते रोज पावणेसहाला पलीकडे जाऊन धाकट्याला पाठीशी घालून यायचा. बारापैकी अकरा गाड्यांना त्याने असा हात फिरवला.

एका गाडीला फिरवला नाही.

ते साल त्रेसष्टचं. नोव्हेंबरात कारखान्यात संप झाला. मोदेनातला संप म्हणजे काय हे तिथल्याच माणसाला विचारावं. घरातला एखादा चर्चला गेला नाही तर चालून जातं, पण संपात कामावर गेला तर आजी मेल्यावरसुद्धा लोक दारात येत नाहीत. पाचव्या दिवशी एर्मेते दारावर पहारा करत होता. शेकोटीवरून उठून तो कारखान्याच्या मागे गेला, तेव्हा मागच्या भिंतीला टेकवलेली एक सायकल त्याला दिसली. ती दोरान्दोची होती.

दोरान्दोची पोर लोरेत्ता तेव्हा तीन महिन्यांची होती आणि तिच्या छातीत कफ भरला होता. त्याची बायको तोस्का मागाहून सगळ्यांना सांगत राहिली की औषधाला पैसे नव्हते. एर्मेतेला हे त्याच दिवशी माहीत होतं. माहीत असूनही त्याचं डोकं असं फिरलं होतं की सख्ख्या भावाचं नाव त्याला घेववेना. शेकोटीवर परत आल्यावर कुणी विचारलं, "मागे कुणी आहे का रे?" तो म्हणाला, "कुणी नाही." एवढं एक मात्र त्याने केलं.

अकराव्या दिवशी संप मिटला. एर्मेते आत गेला तर बाराव्या गाडीची डावी बाजू उभी होती, एकट्याने ठोकलेली. मागच्या चाकावर गाडीचा जो खांदा येतो तिथे तो पोचायच्या आतच त्याला कळलं की खांदा उतरलेला आहे. ते सरळ करणं दोन दिवसांचं काम होतं. दोघं मिळून रात्रीचं थांबले असते तर एकाच दिवसात झालं असतं. दोरान्दो समोर उभा होता, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मदत मागायची रीतच नव्हती. एर्मेतेने हात खिशात घातले आणि आपल्या उजव्या बाजूला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झोबोली आला. रुमाल पसरला. हात खांद्यावर थांबला.

"पिन्यात्ती! हा खांदा आहे का कुबड?" सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवली. "धाकट्या, तुलाच विचारतोय. असली म्हातारी बाई मी कुणाच्या गळ्यात बांधू? आणि तुझा मोठा काय झोपला होता?"

"मी संपावर होतो," एर्मेते म्हणाला.

हे एक वाक्य तो पुढे अठ्ठेचाळीस वर्षं ऐकत राहिला. कारखान्यात कुणी तरी हसलं. पाठोपाठ सगळेच हसले, कारण संप फोडणाऱ्याला हसायला सगळे टपलेलेच होते. गाडी प्रदर्शनाला जायची होती, दुरुस्तीला वेळ नव्हता. झोबोलीने तिला गर्द निळा रंग दिला, त्या रंगात खोट लपते म्हणून, आणि पाठवून दिली. दोरान्दोला तेव्हापासून 'कुबड्या' म्हणायला लागले. नाताळच्या आधी त्याने हिशेब घेतला आणि जर्मनीत बांधकामावर गेला. सहासष्टच्या वसंतात एका यारीवरून ओझं सुटलं ते त्याच्यावर पडलं. तो पेटीतून घरी आला. दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते ते नव्हतेच.

त्यानंतर एर्मेतेने तोस्काकडे लाकडं पोचवली, लोरेत्ताची शाळेची पुस्तकं घेतली, तिच्या लग्नात बापाच्या जागी उभा राहिला. तोस्काने सगळं घेतलं, कधी नाही म्हटलं नाही. फक्त एकदा, जेवता जेवता, मीठ मागावं इतक्या सहज म्हणाली, "एकदा हात फिरवला असतास, तर." योलांदाने पटकन विषय बदलला. तोस्का जाऊनही आता दहा वर्षं झाली होती.

तर दोन हजार अकराच्या मार्चमध्ये फाउस्तो रेबेक्कीचा फोन आला. फाउस्तो जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करायचा, शहराबाहेर त्याचं लखलखीत वर्कशॉप होतं. "उस्ताद, एक झोबोली आलीय माझ्याकडे. मालकाला नवी कोरी करून विकायचीय. नाक चेपलंय. हे काम माझ्या पोरांच्या हातचं नाही. येता का?"

"कितवी?"

"बारावी."

योलांदाला वाटलं फोनवर कुणी गेल्याची बातमी आली. तो खुर्चीवर बसूनच राहिला होता.

गाडी रंग खरवडून उघडी उभी होती. एर्मेतेने नाकाकडे पाहिलंही नाही. तो तडक डाव्या बाजूला गेला, मागचं झाकण उघडून आत वाकला आणि खांद्याच्या आतल्या अंगाला हात लावला. आतून हातोडीच्या खुणा तशाच होत्या. उजव्या हाताचा माणूस ठोकतो तेव्हा खुणा एका अंगाला कलतात, डावखुऱ्याच्या दुसऱ्या अंगाला. ह्या सगळ्या दुसऱ्या अंगाला कललेल्या होत्या, ओळीने, घाईघाईच्या, शेवटी शेवटी तर एकमेकींवर चढलेल्या. म्हातारा आत डोकं घालून इतका वेळ राहिला की फाउस्तोने विचारलं, "उस्ताद, पाठ धरली का?"

ही बातमी योलांदाच्या पोटात राहणं शक्यच नव्हतं. त्याच रात्री तिने लोरेत्ताला कळवलं आणि दुसऱ्या दिवशी लोरेत्ताचा फोन आला. ती सास्सुओलोला टाइल्सच्या कारखान्यात होती. पट्ट्यावरून टाइल्स जातात, त्यातल्या खोट असलेल्या बाजूला काढायच्या, हेच तिचं बावीस वर्षांचं काम.

"काका, खरंच तीच गाडी? बाबांची?"

"तीच."

"मला हात लावायचाय तिला." ती पुढे म्हणाली, "माझ्याकडे बाबांच्या हातचं काहीसुद्धा नाही हो. एक खुर्चीदेखील नाही. त्यांनी जे केलं ते सगळं लोकांच्या घरी गेलं. मी येते, उद्याच रजा टाकते."

"आत्ता नको," एर्मेते घाईने म्हणाला. "आत्ता ती उघडीवाघडी आहे. रंग होऊ दे. नटलेली बघ."

का नको म्हणाला? मनातल्या मनात तो म्हणत होता की पोरीने बापाची फजिती बघायला येऊ नये. ती खांद्यावर हात ठेवील आणि तिच्या त्या तरबेज बोटांना पहिल्या झटक्यात कळेल. आणि मग ती विचारील, तुम्ही काय करत होता, काका?

आठवड्याने नाक सरळ झालं. फाउस्तोने लाल किरण सोडणारं आपलं यंत्र आणलं आणि गाडीची सगळी मापं पडद्यावर घेतली. "अरे देवा. उस्ताद, इकडे बघा. डावा खांदा उजव्यापेक्षा नऊ मिलिमीटर खाली! डाव्या बाजूला काय गाढव बसवलं होतं तुमच्या मालकाने?"

त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. एर्मेतेच्या मानेवर रक्त चढलं.

"असू दे," फाउस्तो म्हणाला. "मूळचंच आहे. पण परदेशी गिऱ्हाइकं माप घेणारी माणसं बरोबर आणतात. वरून थोडी पुट्टी भरून टाकू."

"पुट्टी?" एर्मेते ओरडला. "झोबोलीच्या गाडीत पुट्टी? माझ्या जिवात जीव आहे तोवर ह्या पत्र्याला पुट्टी लागणार नाही! बाथरूमची भिंत आहे का ही?"

"बरं बरं. मग काय करायचं?"

"मला आठ दिवस दे. आणि मध्ये कुणी तोंड घालायचं नाही."

त्या आठ दिवसांत योलांदाला तिचा नवरा तिशीतला वाटला. पहाटे उठायचा, तिच्याआधी कॉफी ठेवायचा, सायकलवरून शीळ घालत जायचा. ज्योतीने पत्रा मऊ करायचा, आतून मोगरी, बाहेरून हात, पुन्हा ज्योत. गुडघे कुरकुरायचे, खांदा रात्री ठणकायचा, त्याला पर्वा नव्हती. दोरान्दो पलीकडच्या बाजूला आहे आणि पावणेसहा वाजलेत, असं त्याला वाटत राहायचं. एकदा तो चक्क मोठ्याने म्हणाला, "धीर धर की जरा, घाईघाई!" फाउस्तोने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

आठव्या दिवशी फाउस्तोने यंत्र लावलं आणि पडद्याकडे बघत राहिला. "शून्य. उस्ताद, शून्य! दोन्ही खांदे एक." वर्कशॉपमधल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. एर्मेते घरी आला, योलांदासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "फिरवला ग हात." तिने काही न विचारता लाम्ब्रुस्को वाइनची बाटली उघडली. दोघांनी दोन पेले घेतले आणि तिसरा भरून टेबलावर ठेवला.

मग रंग झाला. तोच गर्द निळा. लोरेत्ताला रविवारी ये म्हणून सांगितलं, सोमवारी गाडी विक्रीला जाणार होती.

गुरुवारी विक्रीवाल्यांची तपासनीस बाई मिलानहून आली. साठीची, बारीक, बुटाला चिखल लागला तरी फिकीर नसलेली. गाडीला दोन फेऱ्या घातल्या, कागद तपासले. मग मागचं झाकण उघडलं, बाही वर केली आणि हात आत, डाव्या खांद्याच्या खाली घातला. थोडा वेळ हात चाचपत राहिला. मग तिने तो बाहेर काढला आणि दुसऱ्या बाजूला घालून पाहिला.

"डावखुरा कुठे गेला?" ती म्हणाली.

"काय म्हणालात?" फाउस्तोने विचारलं.

"झोबोलीचा डावखुरा. गेल्या वर्षी मी ही गाडी मालकाच्या कोठारात पाहिली होती. अंधारच होता, हातानेच पाहिली. आत त्याच्या खुणा होत्या. नाव कुणाला माहीत नाही त्या माणसाचं, आम्ही त्याला डावखुराच म्हणतो. झोबोलीच्या बारा गाड्यांच्या डाव्या बाजू त्याच्याच. पण बाकी सगळ्यांत त्याच्यावर दुसऱ्या कुणाचा तरी उजवा हात फिरलेला आहे. निखळ त्याची अशी ही एकच होती. खांदा उतरलेला असला म्हणून काय झालं? मी त्या खांद्यासाठी आले होते."

एर्मेते भिंतीशी स्टुलावर बसला होता. त्याला प्रत्येक शब्द ऐकू आला. अकरा गाड्यांत त्याने भावाला पाठीशी घातलं होतं, आणि त्या अकरांत भाऊ अर्धाच राहिला होता. जिला त्याने रागाने हात लावला नाही तिच्यातच दोरान्दो पुरता होता, चुकांसकट, घाईसकट, आजारी पोरीच्या काळजीसकट. त्या भावाला त्याने आठ दिवस शीळ घालत पुसून काढलं होतं.

"हे काम कुणी केलं?" बाईने विचारलं. "काम मात्र अप्रतिम आहे."

फाउस्तोने बोट दाखवलं. बाई त्याच्याकडे आली, हात पुढे केला. "नाव सांगाल का? मला नोंद करावी लागेल."

त्याने नाव सांगितलं. दोरान्दोचंही सांगायला तोंड उघडलं, पण ते कशासाठी सांगायचं, ते चिकटवायला आता जागा कुठे होती? उघडलेलं तोंड त्याने मिटलं. बाईला वाटलं म्हातारा दमला आहे. तिने त्याच्या हातावर थोपटलं आणि ती गाडीकडे वळली.

घरी आल्यावर त्याने योलांदाला सांगितलं. ती सारण भरून तोर्तेल्लिनी वळत होती, तिची बोटं थांबली नाहीत.

"लोरेत्ताला सांगू नकोस," ती म्हणाली.

"अगं पण..."

"एर्मेते, ऐक माझं. तिला काय कळणार आहे? येईल, हात ठेवील, रडेल, जेवून जाईल. एवढं तरी मिळू दे पोरीला. सगळं खरं तुझ्याकडेच ठेव, तुला सवय आहे."

रविवारी लोरेत्ता आली. सणाला घालायचा कोट घालून आली होती. वर्कशॉपच्या दारातच तिने अंगठ्या काढून पाकिटात टाकल्या, रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून. फाउस्तोने किल्ली एर्मेतेकडे देऊन ठेवली होती, आत तिघंच होते. दिवे लावले तेव्हा गाडी अशी चमकली की लोरेत्ताने तोंडावर हात ठेवला.

"किती देखणी आहे हो, काका."

"आहे खरी."

"बाबांची बाजू ही ना? डावी?"

"डावी."

ती खांद्याशी गेली, डोळे मिटले आणि तळवा टेकवला. हळूहळू चाकाकडे, मग दाराकडे, मग परत. एकदा, दोनदा, तीनदा. योलांदा पाठीमागे उभी राहून पदराला पुसावे तसे कोटाच्या कडेला हात पुसत होती.

"मला सापडत नाही," लोरेत्ता म्हणाली.

"काय?"

"ती खोट. आई सांगायची ना, खांदा उतरला म्हणून सगळ्यांसमोर हसले, म्हणून बाबा जर्मनीला गेले. मला बघायचं होतं, किती मोठी खोट होती ती. मी दिवसभर तेच करते, काका. केसाएवढी असली तरी माझ्या बोटाला लागते." तिने डोळे उघडले, ते भरले होते आणि ती हसत होती. "इथे काहीच नाही! साफ आहे. म्हणजे तो म्हातारा खोटं बोलला. बाबांचं काम चोख होतं. उगाच हाकललं माझ्या बाबांना, उगाच!"

योलांदाने डोळे मोठे करून नवऱ्याकडे पाहिलं: गप्प बस. आणि गप्प बसणं सोपं होतं. पोरीला हवा तसा बाप मिळाला होता, बिनचूक, अन्याय झालेला. पण खोट नव्हती म्हटलं, तर तो माणूस इतके दिवस एकट्याने, थंडीत, सगळ्या गावाच्या शिव्या ओढवून घेऊन, तिच्या औषधासाठी ठोकत राहिला, तेही नव्हतं असंच होत होतं. एर्मेतेला ते सोसलं नाही.

"खोट होती, पोरी," तो म्हणाला. "नऊ मिलिमीटर. तू आजारी होतीस, तो संपात कामावर गेला, एकट्यानेच केली ही बाजू त्याने. संपल्यावर मी आत आलो, मला दिसली. आम्ही एकमेकांच्या कामावर हात फिरवायचो. मी नाही फिरवला. मी रागात होतो. मालकाने त्याला सगळ्यांसमोर विचारलं तेव्हाही मी त्याच्यावरच ढकललं."

"ते आईने सांगितलं होतं मला," लोरेत्ता हळू आवाजात म्हणाली. "मग ती खोट गेली कुठे?"

"आता फिरवला. तीन आठवड्यांपूर्वी. मला वाटलं, त्याला कुणी हसू नये."

तिचा हात अजून खांद्यावर होता. तिने तो पाहिला, मग काकाकडे पाहिलं.

"मी फोन केला तेव्हा होती?"

"होती."

"आणि तुम्ही म्हणालात, रंग होऊ दे."

"हो."

"मग ह्यात आता बाबांचं काय आहे?"

कारखान्यातलं उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं, पंधरा वर्षं जे सगळे मानत आले तेच. "पत्रा त्याचाच, पोरी," तो म्हणाला. "आमच्यात तसंच असतं. दुसऱ्याने हात फिरवला तरी पत्रा त्याचाच."

"पत्रा दुकानातून येतो, काका," लोरेत्ता म्हणाली आणि तिने हात काढून घेतला.

ती रागावली नाही. जेवायला थांबली, योलांदाला भांड्यांत मदत केली, जाताना दोघांच्या गालांचे मुके घेतले. त्यानंतर ती सणावारी येत राहिली. गाडीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

सोमवारी बंद ट्रक येऊन गाडी घेऊन गेला. पंधरा दिवसांनी फाउस्तोने विक्रीचं जाडजूड माहितीपत्रक घरी पाठवलं, आणि पानात खूण घातली. झोबोलीकडे कुणाचं नाव कधी कुठे छापून आलं नव्हतं, त्यामुळे योलांदाने चष्मा लावून मोठ्याने वाचायला घेतलं. इंजिन मूळचं, चाकं मूळची, आसनांचं चामडं मूळचं. 'अंगाची उजवी बाजू मूळची, कारागीर अज्ञात. डावी बाजू जीर्णोद्धारात नव्याने घडवलेली, कारागीर एर्मेते पिन्यात्ती, मोदेना.'

तिने पान मिटलं. एर्मेते खिडकीशी पाठमोरा बसला होता. तो म्हणाला, "उलटं छापलंय," आणि तोंड हातांत घेऊन लहान पोरासारखा रडायला लागला.